प्रातो : चिंध्यांची लोकर

(दृश्य : बंधाऱ्यावरून पडणारं पाणी)

इटलीत, फ्लॉरेन्सच्या वायव्येला, लागूनच असलेलं प्रातो. हा सांता लुचियाचा बंधारा. बिझेन्झिओ नदी इथे अडवली आणि पाटांतून गावभर खेळवली. 12व्या शतकात या पाटांवर पाणचक्क्या धडधडत होत्या. चक्की फिरली की लाकडी हातोडे ओल्या लोकरी कापडावर आदळायचे. कुटून कुटून धागे एकमेकांत घट्ट बसायचे.

(दृश्य : चौकातला पुतळा)

हे फ्रान्चेस्को दातिनी. 1348च्या प्लेगात आईवडील गेले. पोरगा आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंला पोचला आणि बडा व्यापारी होऊनच परतला. स्वभावाने चिवट, कागदाचा कपटाही टाकायचा नाही. 1410मध्ये गेला तेव्हा संपत्तीचा मोठा वाटा गावातल्या गरिबांसाठी ठेवून गेला. 1870मध्ये त्याच्याच वाड्यात जिन्याखाली दप्तर सापडलं: सुमारे दीड लाख पत्रं, शेकडो चोपड्या. लोकर कुठून आली, कोणाला किती देणं, सगळं शाईत.

1512मध्ये स्पॅनिश सैन्याने गाव लुटलं. पुढची तीन शतकं आपण ओलांडून जाऊ, कारण खरं प्रातो या गोदामात आहे.

(दृश्य : गठ्ठे फोडताना, हातांचा क्लोजअप)

जुने स्वेटर, कोट, कारखान्यांतली कात्रणं. लोकरी चिंध्या फाडून पुन्हा सूत काढायची युक्ती इंग्लंडमधल्या यॉर्कशरची, 1813ची. 19व्या शतकात ती इथे आली आणि प्रातोने तिचा धंदा केला. युद्धं संपली की सैनिकांचे गणवेशसुद्धा इथेच यायचे.

या हातांकडे नीट बघा. आधी बटणं काढायची, मग चेन, मग अस्तर. जाड शिवण कापून बाजूला. मग कापड अंगठा आणि बोटांमध्ये चोळून बघायचं: मेंढीची लोकर, काश्मिरी लोकर की भेसळ? उत्तर बोटांनाच कळतं. या कारागिराला इथे चेन्चाइओलो म्हणतात. निवडताना रंगांचे ढीग वेगळे पडतात, आणि निळा म्हणजे एकच निळा नव्हे.

(दृश्य : भट्टी, मग पिंजणयंत्र)

शिवणीतले सुती दोरे राहतातच. त्यावर आम्लाची प्रक्रिया करून माल तापवायचा. सुती दोरा जळून कोळसा होतो, झटकला की भुकटी, लोकर शाबूत. मग फाडणं, पिंजणं, कातणं. राखाडी सूत हवं? काळं, पांढरं आणि थोडं निळं अंदाजाने मिसळा. नव्याने रंगवायची गरज नाही, त्यामुळे पाणीही वाचतं आणि पैसाही. पर्यावरणाची परिषद कुठेही भरायच्या कितीतरी आधीपासून हे चाललंय!

दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी तळमजल्यावर माग आले. ऑर्डर आणणाऱ्या इंपान्नातोरेकडे स्वतःचं एकही यंत्र नसायचं. सूत एकाकडे, विणकाम दुसऱ्याकडे, रंग तिसऱ्याकडे. यातली काही जुनी यंत्रं पुढे विकली गेली ती थेट आपल्या पानिपतला, तिथल्या चिंधीच्या गिरण्यांत.

(दृश्य : चिनी पाट्यांची गल्ली)

1990च्या सुमारास चीनच्या वेन्झोऊ भागातून लोक आले, शिवणकामाचे कारखाने उभे राहिले. 2005मध्ये आयातीचे कोटे उठले आणि जुने माग बंद पडत गेले. 1 डिसेंबर 2013ला अशाच एका शिवणकामाच्या कारखान्याला आग लागून सात चिनी कामगार मेले.

(दृश्य : कांपोल्मी गिरणीचं धुराडं)

या गिरणीत आता वस्त्र संग्रहालय आहे. बॉयलर जपलाय, मागही जपलेत.

(दृश्य : पुन्हा गोदाम, लेबलं)

पूर्वी चिंध्यांची लोकर म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं. आता तेच लेबलवर अभिमानाने छापतात. अडचण नव्या कपड्यांची आहे. लोकरीत पॉलिएस्टर, त्यात इलॅस्टिक. पॉलिएस्टर त्या भट्टीत सुती दोऱ्यासारखं जळून जात नाही. म्हणजे निवडणाऱ्याने आधीच ओळखून बाजूला टाकायला हवं. असे हात तयार व्हायला वर्षं लागतात, आणि शिकायला येणारी पोरं फारशी नाहीत.