मशीन काढायचं म्हणजे हात टेकणं नव्हे

नमस्कार श्रोतेहो. अतिदक्षता विभागाच्या दारात परभणी-बीडकडची माणसं हमखास एक विनवणी करतात, "सायेब, मशीन इतक्यात काढू नका. राहू द्या अजून एक दिस." मशीन म्हणजे कृत्रिम श्वास देणारा व्हेंटिलेटर. त्यांना वाटतं, ते काढलं म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली. खरं तर पेशंट सुधारतोय म्हणूनच आम्ही ते काढायच्या मागे लागलेले असतो.

मण्यार चावलेल्या किंवा फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसाला व्हेंटिलेटर जगवतो, यात शंका नाही. पण श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास ओढणारा स्नायू, नुसतं पडून राहिलं, की प्लास्टरमधल्या पायासारखं रोडावतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 ते 69 तास मशीनवर पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. शिवाय मशीनला जोडलेल्या घशातल्या नळीमुळे न्यूमोनियाचा धोका असतोच. तो जास्तीचा एक दिवस फुकट मिळत नाही.

म्हणून मूळ आजार उतरू लागला की रोज सकाळी झोपेचं औषध थांबवून पेशंटला जागं करतो. रक्तदाब, ऑक्सिजन ठीक असेल तर मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा ते दोन तास त्याला स्वतः श्वास घेऊ देतो. सिस्टर खाटेशी उभ्या राहून श्वास मोजतात. मिनिटाला 35 च्या वर गेले, घाम फुटला, गळ्याच्या शिरा ताणल्या, तर आधार पुन्हा वाढवतो. त्यानं घाबरून जाऊ नका, उद्या पुन्हा बघतो.

कीटकनाशकाच्या पेशंटमध्ये मी आणखी एक गोष्ट पाहतेच. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, लाळ आटलेली, माणूस शुद्धीवर, आणि तरी काहींच्या मानेतला जोर जातो. "दादा, उशीवरून डोकं उचला, धरून ठेवा." डोकं लगेच खाली पडलं, तर बाकी आकडे कितीही चांगले असोत, नळी राहते. खोकला जोरकस हवा, कफ बाहेर यायला हवा.

या वेळी घरचं एक माणूस जवळ असलं तर फार उपयोग होतो. नावानं हाक मारा, सकाळ झालीय हे सांगा.

नळी निघाल्यावर आवाज बसलेला असतो, घसा कोरडा पडतो, पेशंट पाणी मागतो. चमचाभरही देऊ नका, तीर्थसुद्धा नको. गिळणं नीट जमतं का हे तपासल्यावर पहिला घोट आम्हीच देतो. पुढचे दोन दिवस लक्ष ठेवावं लागतं. काहींना नळी परत घालावी लागते, तशी वेळ आली तर कारण आम्हाला मोकळेपणानं विचारा.