गॅस शे, काहीच नही

पडद्यावर: अंधारातली केळीची बाग, ठिबकच्या नळीतून टपकणारं पाणी, लांबून मोटारीचा आवाज.

चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. जानेवारीतली पहाट, साडेचारला लाईट आली म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, मोटार चालू करायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले, जे ते कधीच करत नाहीत. ओट्यावर बसले. बाहेर थंडी आणि ह्यांची बनियन घामाने चिंब. छातीवर मूठ दाबून धरलेली. म्हणाले, "गॅस शे, काहीच नही."

आता आदल्या रात्री हळदीची पंगत झालेली, शेवभाजीवर ही एवढी तर्री, त्यामुळे आम्हालाही पटलंच ना, आईने ओवा दिला, मग सोडा झाला, मग काकू शेजारच्या अप्पांची जिभेखालची गोळी घेऊन आली, ती तेवढी आम्ही दिली नाही, आणि नशीबच म्हणायचं कारण त्या गोळीने बीपी एकदम खाली येऊ शकतो हे आम्हाला नंतर कळलं. ह्या सगळ्यात सव्वा तास गेला.

त्या मुठीला डॉक्टरांच्या भाषेत नाव आहे, लेव्हाईन साईन. लेव्हाईन नावाचे डॉक्टर होते, त्यांनी बघितलं की हृदयाचं दुखणं असलेला माणूस बोटाने जागा दाखवत नाही, मूठ नाहीतर अख्खा पंजा छातीवर ठेवतो. आबांनी बरोब्बर तेच केलं होतं, आम्ही बघत होतो आणि ओवा शोधत होतो.

पडद्यावर: गुलाबी चौकटीच्या कागदावरची रेघ, आता बरीचशी उडालेली.

ही त्या दिवशीची पट्टी. ईसीजीला आमच्याकडे पट्टीच म्हणतात. पहिली काढली ती जवळपास सरळ होती, आबा लगेच चप्पल शोधायला लागले. डॉक्टरांनी हात धरून बसवलं, अर्ध्या तासाने दुसरी काढली आणि तीत रेघ वर चढलेली, म्हणजे हार्ट अटॅक. पहिली पट्टी चांगली आली म्हणजे सुटलो असं नसतं, म्हणून पट्टी परत काढतात, ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात. मग रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्स जळगावकडे.

आबांनी स्वतःच्या आजाराचा अर्थ स्वतःच लावला होता, नळी चोक झाली. ठिबकवाल्या माणसाला वेगळं काय सांगायचं! पण एक फरक आहे आणि तो मला फार उशिरा समजला. ठिबकमध्ये क्षार वर्षानुवर्षं साचतात, धार बारीक होत होत बंद पडते. हृदयाच्या नळीतही चरबीचा थर साचतोच, पण अटॅक बहुतेक वेळा येतो तो थर अचानक फाटतो तेव्हा, फाटल्या जागेवर काही मिनिटांत रक्ताची गाठ धरते आणि नळी बंद. म्हणजे 40 टक्के ब्लॉकेजवालासुद्धा जाऊ शकतो, आणि "मागच्याच महिन्यात ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं तेव्हा नॉर्मल होतं हो" म्हणणारा पण खोटं बोलत नसतो.

जळगावला कागदावर सही मागितली, ॲन्जिओची. मामा म्हणाले कर सही, आमच्या व्याह्यांची पण ॲन्जिओ झाली, आता टकाटक आहेत. इथे अख्खा खान्देश फसतो. ॲन्जिओग्राफी म्हणजे नुसता फोटो. औषध सोडून नळ्यांचं चित्र काढतात, दुरुस्ती काहीच नाही. ॲन्जिओप्लास्टी ही दुरुस्ती, फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि वर जाळीदार स्प्रिंग बसवतात. दोन्हीला आपण ॲन्जिओच म्हणतो आणि मग बिल हातात आलं की भांडणं.

ही हृदयापर्यंत नळी घालायची कल्पना पहिल्यांदा स्वतःवर करून बघणारा माणूस म्हणजे वेर्नर फोर्समान, जर्मनीतला पंचविशीतला डॉक्टर. 1929 साल. वरिष्ठांनी नाही म्हटलं होतं. एका नर्सला सांगितलं तुझ्यावर प्रयोग करतो, तिला टेबलावर बांधून ठेवलं आणि मुकाट्याने स्वतःच्याच दंडाच्या शिरेत लघवीच्या मार्गासाठी वापरायची बारीक नळी सरकवली, आणि तशीच नळी आत ठेवून जिना उतरून एक्सरेच्या खोलीत गेला, टोक हृदयात पोहोचलंय ह्याचा फोटो काढला. शाबासकी सोडा, उलट बोलणी खाल्ली. 1956 ला नोबेल मिळालं. फुग्याने नळी मोकळी करायचं काम मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं, 1977 मध्ये झुरिकला, ग्रुंट्सिग नावाच्या डॉक्टरने, आणि सुरुवातीचे फुगे त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बनवले होते.

आणि स्प्रिंग म्हणजे स्टेंट, हा शब्द तर दातवाल्या डॉक्टरचा. चार्ल्स स्टेंट म्हणून लंडनचे दंतवैद्य होते, त्यांच्या दाताचा साचा घ्यायच्या मसाल्यावरून फिरत फिरत नाव इथे आलं. भारतात फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने ह्याच्या किमतीला लगाम घातला, औषधवाल्या, म्हणजे औषधाचा लेप दिलेल्या, स्टेंटला 29,600 रुपये आणि साध्याला 7,260. त्याच्याआधी औषधवाल्याला लाखाच्या वर मोजलेली माणसं आमच्याच गल्लीत आहेत.

पडद्यावर: वॉर्डबाहेरचा बाक, बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल.

ह्या बाकावर शहाद्याकडच्या एक मावशी डोळ्याला पदर लावून बसलेल्या. मुलाने टूडी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट वाचून दाखवला होता, पंपिंग 60 टक्के. म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं ना बाबा? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हे शाळेचे मार्क नाहीत. हृदय एका ठोक्याला भरलेलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही, धडधाकट माणसाचंही 55 ते 70 टक्केच जातं. मावशींचा रिपोर्ट नॉर्मल होता! आबांचं आलं 45, तिथे आम्ही घाबरायला हवं होतं, आणि आम्ही पेढ्याचं बोलत होतो.

अजून एक घोळ. अटॅक, अरेस्ट, फेल्युअर, तिन्हीला गावात "हार्ट बंद पडलं" म्हणतात. मोटारीवरच सांगतो. अटॅक म्हणजे नळी बंद, माणूस बऱ्याचदा शुद्धीत असतो, बोलतो, गॅस शे म्हणतो. अरेस्ट म्हणजे लाईटचा घोटाळा, हृदय नुसतं थरथरतं, माणूस काही सेकंदांत कोसळतो, तिथे ओवाही नाही आणि पाणीही नाही, 108 ला फोन आणि छातीच्या मधोमध जोरात दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान पाच सेंटिमीटर आत. आणि फेल्युअर हे नावच वाईट, त्यात हृदय थांबलेलं नसतं, मोटारीचा जोर कमी पडतो, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. त्यावर गोळ्या आहेत आणि माणसं वर्षानुवर्षं जगतात.

गोळ्यांवरून आठवलं. "रक्त पातळ करायची गोळी" असं आपण म्हणतो, पण रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही, रक्तातले कण एकमेकांना चिकटू नयेत एवढंच ती बघते. आबांनी तिसऱ्या महिन्यात एक गोळी गुपचूप बंद केली, दाढी करताना कापलं तर रक्त थांबेना म्हणून. नवीन स्प्रिंगवर गाठ धरू नये म्हणूनच ती असते, डॉक्टरला न विचारता ती सोडणं म्हणजे सव्वा तासाचा तोच खेळ परत. आई आता डबी स्वतःजवळ ठेवते.

पडद्यावर: विहिरीवरची मोटार, गंजलेला व्हॉल्व्ह, त्यावर आबांचा हात.

परवा पाइप बदलताना आबांनी गंजलेली स्प्रिंग हातात घेतली, बराच वेळ फिरवून बघितली आणि मला म्हणाले, "त्या डाक्टरले इचार रे, मनी स्प्रिंगले गंज लागस का?"

विचारलं. कोबाल्ट क्रोमियमची असते, नाही लागत. आबांचा विश्वास बसलेला नाही.