सेरोवेच्या चावडीवर

श्रोतेहो, नमस्कार.

पोरानं परस्पर लग्न जमवलं की घरात सगळ्यात आधी कोण चिडतं? बाप नाही, चुलता. बाप एकवेळ गप्प बसेल, पण चुलता म्हणणार, "आम्हाला विचारलं होतं का?" आजच्या गोष्टीतल्या चुलत्यानं नेमका हाच प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नापायी लंडनचं मंत्रिमंडळसुद्धा कामाला लागलं.

पुतण्याचं नाव सेरेत्से खामा. पुन्हा सांगतो, सेरेत्से खामा. बोट्स्वाना देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या सेत्स्वाना भाषेत सेरेत्से म्हणजे दोन विटा सांधणारा मातीचा गारा. आजोबा आणि वडील यांच्यातलं वैर मिटलं, म्हणून पोराचं हे नाव ठेवलं. जन्म 1 जुलै 1921चा, गाव सेरोवे. दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर बेचुआनालँड नावाचा मुलूख होता, ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचा. तोच आजचा बोट्स्वाना. तिथल्या बामांग्वातो जमातीचं हे राजघराणं. वडील गेले तेव्हा पोर चार वर्षांचं. गादी त्याची, पण कारभार बघायला चुलता बसला, त्शेकेडी खामा. हा चुलता खलनायक नव्हे बरं का. कडक माणूस, पण पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. शिकवलं, ऑक्सफर्डला धाडलं, पुढं लंडनला बॅरिस्टरीसाठी ठेवलं.

तिथं 1947 साली सेरेत्सेची रूथ विल्यम्सशी ओळख झाली. रूथ गोरी, विमा कंपनीत कारकून, महायुद्धात हवाई दलाची रुग्णवाहिका चालवलेली. दोघांना जॅझ संगीताचं वेड. वर्षभरानं लग्न करायचं ठरलं. चर्चमध्ये गेले, तर बिशप म्हणाले, आधी सरकारची परवानगी आणा. मग 29 सप्टेंबर 1948 रोजी दोघांनी केन्सिंग्टनच्या रजिस्ट्रार कचेरीत सह्या केल्या. (माझं तर म्हणणं, सगळीच लग्नं रजिस्टर व्हावीत. जेवणावळीचं कर्ज फेडता फेडता पोरं शाळेत जायला लागतात. असो.)

चुलत्याची तार आली, ताबडतोब गावी ये. आता चावडी.

बामांग्वातोंच्या चावडीला खोट्ला म्हणतात. छप्पर नाही, भिंती नाहीत. रोवलेल्या लाकडी खुंटांचं अर्धवर्तुळ, आत मोकळं अंगण, कडेला झाडाची सावली. पुरुष घरून बुटक्या खुर्च्या घेऊन येतात. वर टेकडीवर आजोबांची, तिसऱ्या खामांची समाधी, आणि समाधीवर काशाचं छोटं हरीण. हरीण कशाला? ते त्यांचं देवक! त्या जातीचं हरीण ते मारत नाहीत, खात नाहीत. तुमच्या-आमच्या घरी देवकाच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, तसंच. आणि चावडीचे नियम दोन. राजा प्रजेमुळं राजा, हा पहिला. चावडीवर बोललेला प्रत्येक शब्द चांगलाच, हा दुसरा. म्हणजे राजाच्या तोंडावर वाटेल ते बोला, कुणी मनात धरणार नाही.

पहिली सभा नोव्हेंबर 1948ची. म्हातारेकोतारे एकामागून एक उठले आणि सगळे विरोधात. चुलत्याचं म्हणणं साधं होतं. राजाची बायको ही त्याची एकट्याची नसते, ती जमातीची आई, जमातीला न विचारता आणता कशी येईल? आता सांगा, यात चूक काय? डिसेंबरात पुन्हा सभा, पुन्हा बहुतेकांचा नकार. सेरेत्सेनं ऐकून घेतलं. माफीही मागितली, न विचारता लग्न केल्याबद्दल. पण बायको सोडणार नाही, ती आली तर मी येईन, एवढ्यावर अडून राहिला.

मग जून 1949. तिसरी सभा. हजारो माणसं आली. कितीतरी जण दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवरून चालत आलेले. दिवसांमागून दिवस भाषणं. आणि या सहा महिन्यांत वारं फिरलं होतं. लोकांत कुजबुज सुरू झाली होती, सूनबाईचं निमित्त करून चुलत्यालाच गादी बळकवायची आहे! भावकीचा वाद म्हटला की गावाला आतलं सगळं कळतं. ते इथं काय नि तिथं काय.

शेवटी सेरेत्से उभा राहिला. वय अठ्ठावीसला टेकलेलं. वकिली भाषण केलं नाही. म्हणाला, माझी बायको ज्यांना मान्य नाही, त्यांनी उभं राहावं. उठले. किती? चाळीसेक. बहुतेक वयस्कर, मानाची माणसं. मग म्हणाला, आता ज्यांना आम्ही दोघं मान्य आहोत, त्यांनी उभं राहावं.

श्रोतेहो, सगळं अंगण उठलं. "पुला! पुला!" असा गजर सुरू झाला, थांबेचना. पुला म्हणजे पाऊस. कलहारी वाळवंटाच्या काठावरचा मुलूख, तिथं आशीर्वाद द्यायचा तोही पावसाचाच. हा शब्द लक्षात ठेवा. पुला, म्हणजे पाऊस.

चुलता आपली माणसं घेऊन शेजारच्या जमातीच्या मुलखात निघून गेला. ऑगस्टात रूथ सेरोवेला आली.

इथं गोष्ट संपली असती. पण दक्षिण आफ्रिकेत मलान यांचं वर्णभेदी सरकार आलं होतं आणि गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांना त्यांनी कायद्यानंच बंदी घातली होती. ब्रिटनला त्यांचं सोनं हवं, युरेनियम हवं. मग चौकशी नेमली. अहवाल आला, की माणूस राजा व्हायला लायक आहे, अडचण एवढीच की शेजाऱ्यांना रुचणार नाही. अहवाल दाबून टाकला. बोलणीसाठी म्हणून सेरेत्सेला लंडनला बोलावलं. रूथ पोटुशी, ती मुद्दाम मागं राहिली, कारण दोघांनाही दगाफटक्याचा वास आला होता. वास खरा निघाला. पाच वर्षं देशाबाहेर! विरोधी बाकांवरून चर्चिल यांनी या व्यवहाराला लाजिरवाणा म्हटलं, आणि 1952 साली त्यांच्याच सरकारनं हद्दपारी कायमची केली.

पण गोष्टीतला माझा आवडता भाग हा. मार्च 1950. हद्दपारीचा हुकूम सांगायला ब्रिटिश हायकमिशनर सर इव्हलिन बेअरिंग स्वतः सेरोवेला आले. चावडी भरवण्याचं फर्मान निघालं. साहेब आले. आणि चावडी रिकामी. नऊ महिन्यांपूर्वी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं माणूस नाही. दगड नाही, घोषणा नाही, काही नाही. नुसतं आले नाहीत. पुढं सरकार म्हणत राहिलं, दुसरा राजा निवडा. निवडला नाही. वर्षानुवर्षं निवडला नाही. (आमच्याकडे ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, तेव्हा मला ही चावडी आठवते. तीही रिकामी, हीही रिकामी. पण तिथं लोक ठरवून आले नव्हते. इथं वहीवर सह्या तेवढ्या घरपोच होतात.)

काचेपलीकडून मला खुणा चालल्यात, तेव्हा पुढचं भराभर सांगतो.

1956 साली चुलत्यानंच समेट केला, दोघांनी गादीवरचा हक्क सोडला, आणि सेरेत्से साधा नागरिक म्हणून घरी परतला. गुरं पाळली, त्यात जम बसला नाही. 1962 साली पक्ष काढला. 1965च्या निवडणुकीत 31पैकी 28 जागा. 30 सप्टेंबर 1966 रोजी देश स्वतंत्र, सेरेत्से राष्ट्राध्यक्ष. हाती काय आलं? डांबरी रस्ता जेमतेम बारा किलोमीटर. तोवरची राजधानीसुद्धा देशात नव्हती, कारभार चालायचा दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगहून! गाबोरोने नव्यानं वसवावं लागलं.

1967 साली ओरापाला हिरे सापडले, आणि सापडले ते नेमके त्याच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखात. तेव्हा त्यानं काय केलं, नीट ऐका. खनिजं जमातीची नाहीत, देशाची, असा कायदा केला. घरच्या हिऱ्यांवर पाणी सोडलं. त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने.

1976 साली विद्यापीठ उभारायचं, पैसा कमी. तेव्हा हाक दिली, माणशी एक जनावर. लोकांनी गुरं आणली, ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी धान्य आणलं, अंडी आणली. साताऱ्याकडच्या श्रोत्यांना कर्मवीर अण्णांचं मूठभर धान्य आठवलं असेल. विद्यापीठात आज गुरामागं चालणाऱ्या माणसाचा पुतळा आहे.

त्याच वर्षी देशानं स्वतःचं चलन काढलं. नाव ठेवलं पुला. म्हणजे काय? पाऊस. बरोबर.

13 जुलै 1980 रोजी कर्करोगानं तो गेला, एकोणसाठाव्या वर्षी, पदावर असतानाच. सेरोवेला त्याच टेकडीवर, आजोबांजवळ त्याला पुरलं. रूथ इंग्लंडला परतली नाही. आणखी बावीस वर्षं तिथंच राहिली, मुलगा इयन पुढं राष्ट्राध्यक्ष झाला तो तिच्या माघारी. 2002 साली ती गेली, तेव्हा बामांग्वातोंनी तिला नवऱ्याशेजारी, राजघराण्याच्या त्या दफनभूमीत जागा दिली. खाली तीच चावडी.

नमस्कार.