हिरोशिमाच्या बागेखाली एक अख्खी पेठ आहे

नमस्कार मंडळी! हिरोशिमाचं शांती स्मारक उद्यान तुम्ही फोटोंत पाहिलंच असेल. दोन नद्यांच्या मधली हिरवळ, आणि नदीपलीकडे तो सांगाडा उरलेला घुमट. ते बघून कित्येकांना वाटतं, बॉम्ब पडला तेव्हा इथे मोकळं मैदानच असणार. आज मला एवढंच सांगायचंय, की इथे मैदान नव्हतं. इथे माणसं राहत होती.

(पडद्यावर: १९४५ पूर्वीचा नकाशा)

या भागाचं नाव नाकाजिमा. आपल्या पुण्यातल्या एखाद्या पेठेसारखी गजबजलेली वस्ती. दुकानं, बौद्ध मंदिरं, सिनेमागृह, आणि सुमारे ४,४०० रहिवासी.

आता नकाशात वर बघा. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा हा आइओई पूल. विमानातून सहज ओळखू येणारा, म्हणून नेम यावर धरला होता. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. बॉम्ब पुलापासून थोडा बाजूला, एका इस्पितळाच्या वर साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला. नाकाजिमा त्याच्या अगदी खाली. शिवाय त्या सकाळी वस्तीच्या दक्षिणेला शाळकरी मुलांना कामाला लावलं होतं. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडायची आणि मोकळे पट्टे करायचे, हे ते काम. बारा-तेरा वर्षांची मुलं होती ती.

वस्तीतली एक इमारत मात्र अजून उभी आहे. १९२९ साली किमोनोचं दुकान म्हणून बांधलेली, युद्धात तिथे इंधनवाटपाचं कार्यालय होतं. एक कर्मचारी कागदपत्रं आणायला तळघरात उतरला होता. तो वाचला. आज तिथे पर्यटकांसाठी विश्रामगृह आहे, आणि ते तळघर बघता येतं.

१९४९ मध्ये हिरोशिमाच्या पुनर्बांधणीसाठी खास कायदा झाला. त्याच वर्षी उद्यानाच्या आराखड्याची स्पर्धा केन्झो तांगे या वास्तुविशारदानं जिंकली. त्यानं एक सरळ रेषा आखली: संग्रहालय, मधे स्मारकाची कमान, आणि शेवटी नदीपलीकडचा घुमट. गंमत बघा, घुमट पाडायचा की ठेवायचा हे तेव्हा ठरलेलंच नव्हतं! जतनाचा ठराव नगरपरिषदेनं थेट १९६६ मध्ये केला, आणि १९९६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. त्या रेषेनं घुमटाला शहराच्या नजरेसमोर कायम ठेवलं, असं मला वाटतं.

१९५२ ची ती कमान प्राचीन मातीच्या घराच्या आकाराची आहे, आत्म्यांना छप्पर मिळावं म्हणून. तिच्याखाली दगडी पेटी, आणि पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या. बॉम्बच्या झळा सोसलेले लोक आजही वारतात, त्यांची नावं दर ६ ऑगस्टला त्यात भरली जातात. आज ३ लाख ४० हजारांहून जास्त नावं आहेत. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, या वह्या बाहेर काढतात. कर्मचारी हातमोजे घालून एकेक पान उलटतात, दमट हवा लागून कागद खराब होऊ नये म्हणून. त्यातली एक वही अनामिकांसाठी आहे. तिची पानं कोरी आहेत. तीही तितक्याच काळजीनं उलटली जाते.

आणि ती पेठ? उद्यान करताना ढिगाऱ्यावर मातीची भर घालून जमीन वर उचलली. घरं, गल्ल्या, अंगणं, सगळं तिथेच खाली राहिलं. २०१९ पासून संग्रहालयाजवळ उत्खनन झालं, तेव्हा रस्ता लागला, घराचा पाया लागला, आणि जळून कोळसा झालेल्या तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड चटया. २०२२ पासून हे अवशेष तिथल्या तिथेच, जमिनीच्या मूळ पातळीवर बघता येतात.

म्हणून हिरोशिमाला गेलात, तर घुमटापासून सुरुवात करू नका. आधी हे अवशेष बघा, मग विश्रामगृहाचं तळघर, मग कमान. आणि कोरियन मृतांच्या स्मारकाशी जरूर थांबा. १९७० मध्ये ते उभारलं गेलं उद्यानाच्या बाहेर, नदीच्या पलीकडे. त्याला आत जागा मिळायला १९९९ साल उजाडावं लागलं.