फूटपाथ कुठे तुटतो?

नागपूरच्या श्रोतेहो, नमस्कार.

उद्या सकाळी पाच मीटरचा टेप आणि एक खडू खिशात टाका. मुलांच्या शाळेपर्यंत, नाहीतर जवळच्या मेट्रो स्टेशनपर्यंत पायी जा. फूटपाथवरून जिथे जिथे खाली रस्त्यावर उतरावं लागेल, तिथे खडूने फुली मारा. फूटपाथ किती किलोमीटर बांधला याची नोंद सरकारी कागदावर असते, या फुल्यांची कुठेच नसते. पायी चालणाऱ्याची आणि गाडीची गाठ मात्र नेमकी तिथेच पडते.

सगळ्यात जास्त फुल्या घरांच्या आणि दुकानांच्या गेटपुढे निघतील. फूटपाथ फूटभर उंच बांधायचा आणि गाडी आत जावी म्हणून प्रत्येक गेटशी तो तोडायचा, ही आपल्याकडची रीत. शंभर मीटरांत दहा गेट असली की दहादा चढा, दहादा उतरा. गुडघे दुखणारी आजी हे करत बसत नाही, ती सरळ रस्त्यावरून चालते. देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांसाठीची २०१२ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फूटपाथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा. गेटपुढे तो त्याच पातळीत सलग न्यायचा, चढायचं ते गाडीने. जिथे उतार द्यावाच लागतो, म्हणजे चौकात, तिथे तो बारास एक असावा. १५ सेंटिमीटर उतरायला १.८ मीटर लांबी. त्याहून तीव्र उतारावर व्हीलचेअर लवंडण्याचा धोका वाढतो.

रुंदी मोजताना भिंतीपासून कडेपर्यंत टेप लावू नका. विजेची पेटी (डीपी), विजेचा खांब, झाड, उभी स्कूटर हे सगळं वगळून सलग मोकळी जागा किती उरते ते पाहा. वस्तीत ती किमान १.८ मीटर हवी, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या दोन व्हीलचेअर निघून जातात. बर्डीसारख्या (सीताबर्डी) गर्दीच्या बाजारात त्याहून बरीच जास्त लागते. डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं. दुकानांच्या पाट्या आणि छज्जे तिथेच आड येतात. पानठेला आणि भाजीवाला हटवा, असं मी म्हणणार नाही. खांब आणि झाडं ज्या बाहेरच्या पट्टीत असतात, तिथे त्यांना जागा आखून द्या. ठेल्यांच्या दिव्यांमुळे रात्री त्या फूटपाथवरून बायका निर्धास्त चालतात. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदाही आहे.

आता आपला सिमेंट रोड. जुना थर न खरवडता त्यावरच नवं काँक्रीट टाकलं की रस्ता वर येतो आणि फूटपाथ खाली जातो. पावसाचं पाणी आधी फूटपाथवर येतं, मग अंगणात. मग फूटपाथ उंच करतात आणि गेटपुढची कटकट नव्याने सुरू होते. म्हणून रस्ता मंजूर होण्याआधी त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता कापून बाजूने दिसतो तसं चित्र, मागून घ्या आणि त्यात घरांच्या जोत्याची पातळी दाखवली आहे का ते पाहा. काँक्रीट पडल्यावर कुणी ते फोडत नाही. नाल्यावरची जाळीही तेव्हाच तपासा. तिच्या सळ्या रस्त्याच्या दिशेने असतील तर सायकलचं चाक फटीत अडकतं, म्हणून त्या आडव्या बसवायच्या. हा बदल फुकटात होतो.

चौकाकडे वळू. कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली की डावीकडे वळणारी गाडी वेग कमीच करत नाही. तीच गोलाई चार-पाच मीटर त्रिज्येवर आणली की ब्रेक मारावाच लागतो. सिग्नलची वेळ साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चाल धरून काढतात. १८ मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्या हिशेबाने १५ सेकंद लागतात. सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची चाल ०.८ मीटर धरली तर साडेबावीस. वरचे साडेसात सेकंद त्याने भर रस्त्यात काढायचे का? एक तर वेळ वाढवा, नाहीतर मधे दुभाजकावर उभं राहायला दोन मीटर रुंद जागा द्या. दोन मीटर अशासाठी, की सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते आणि अरुंद दुभाजकावर तिचं मागचं चाक गाड्यांच्या वाटेत राहतं.

जोडणीचा प्रश्न मात्र याहून मोठा. किनाऱ्यावरच्या गावाची एक बाजू समुद्राने बंद असते. नागपूर रेल्वेने मधोमध चिरलेलं आहे. बर्डीकडून इतवारी-महालकडे जायला लोहापूल, रामझुला उड्डाणपूल असे मोजकेच मार्ग, दक्षिणेला नरेंद्र नगरचा भुयारी रस्ता. मुसळधार पावसात भुयारी रस्ता तुंबला की चालणारा आणि सायकलवाला अडकतो, त्याला दुसरी वाट फार लांबची. यावर बांधकामातलाच तोडगा आहे. ट्रकसाठी साधारण पाच मीटर उंची लागते, माणसाला अडीच मीटर पुरते. मग पायी आणि सायकलची वाट गाड्यांइतकी खोल नेण्याची गरजच काय? तिला बाजूने दीड-दोन मीटर वर ठेवा. चढ कमी होतो, धूर कमी लागतो आणि खाली पाणी साचलं तरी ती वाट बहुतेक वेळा कोरडी राहते. पूल नव्याने बांधतानाच हे जमतं, नंतर नाही.

सायकलसाठी प्रत्येक गल्लीत वेगळी पट्टी लागत नाही. गल्लीत गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवल्या तर सगळे एकत्र चालू शकतात. एक सेकंद विचाराला धरून गाडी ३० च्या वेगात सुमारे १५ मीटरवर थांबते, ५० च्या वेगात सुमारे ३३ मीटरवर. वेग उतरवायला प्लास्टिकचे अरुंद पट्टे ठोकू नका, सायकलवाला त्यावरून उडतो. शास्त्रशुद्ध गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असतो. मोठ्या रस्त्यावर मात्र पट्टी वेगळीच हवी, एका दिशेला किमान दोन मीटर आणि मधे कठडा. नुसत्या रंगाच्या रेघेवर संध्याकाळपर्यंत कार उभ्या राहतात. २०२० मध्ये केंद्राच्या सायकल स्पर्धेत नागपूरनेही भाग घेतला होता. रंगवलेली पट्टी सुरुवात म्हणून ठीक, तिथेच थांबलं की ती पार्किंग होते. आपल्या मेट्रोत सायकल नेता येते, तेव्हा स्टेशनच्या भोवतालचे रस्ते आधी घ्या.

आणि ऊन. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, सावलीशिवाय अर्धा किलोमीटर चालणं ही शिक्षाच. कडुनिंब आणि करंज उन्हाळ्यात हिरवे असतात, ते दर सात-आठ मीटरवर लावा. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी हवी. गट्टू, म्हणजे फरशीचे सिमेंट ब्लॉक, बुंध्याला भिडवले की मुळांना पाणी मिळत नाही, मग वादळात झाड पडतं आणि दोष मात्र झाडाला.

फुल्यांची यादी घेऊन जाताना आधी रस्ता कुणाचा ते विचारा. महापालिका, सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, मालक वेगवेगळे आहेत आणि चुकीच्या टेबलावरचा अर्ज महिनोन् महिने फिरतो. प्रत्येक फुलीसोबत जवळच्या खांबाचा नंबर, टेपचं माप आणि फोटो द्या. एक फेरी पावसाळ्यात मारा, सर थांबल्यावर अर्ध्या तासाने. तोवर जिथलं पाणी ओसरलेलं नसेल, तिथे पाण्याच्या कडेने खडूची रेघ ओढा आणि मग फोटो काढा.

नमस्कार.