डिस्कवर भिंती किती घालायच्या?

[दृश्य: लिनक्स इन्स्टॉलरचा पार्टिशनचा पडदा]

सगळं एकाच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एकाच भागावर ठेवायचं, की '/यूएसआर', '/व्हार', '/होम' या डिरेक्टरी (फोल्डर) वेगळ्या भागांवर काढायच्या?

'/यूएसआर' वेगळं काढणं ही 1970च्या दशकातली सवय. पीडीपी-11 या संगणकावरच्या युनिक्सची मूळ डिस्क भरली, म्हणून न मावणारे प्रोग्रॅम वापरकर्त्यांच्या डिस्कवर, '/यूएसआर'मध्ये गेले. अडचणीतून काढलेली पळवाट, पुढे तिचाच नियम झाला. फेडोरा या लिनक्सनं 2012 मध्ये '/बिन' (मूलभूत प्रोग्रॅम) आणि '/लिब' (त्यांना लागणाऱ्या लायब्ररी) '/यूएसआर'मध्येच विलीन केल्या. आता '/यूएसआर' माउंट होईपर्यंत, म्हणजे सिस्टिमला जोडलं जाईपर्यंत, साधं शेलही (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) सापडत नाही. तेव्हा ते रूटबरोबरच, म्हणजे '/' या मूळ पार्टिशनवरच राहू द्या. सेटिंगची '/ईटीसी' तर हलवायचीच नाही. काय कुठे माउंट करायचं हे सांगणारी एफएसटॅब फाइल तिथेच असते.

[दृश्य: भरत चाललेलं '/व्हार']

भिंत हवी ती इथे. लॉग, डेटाबेस, पॅकेजचा कॅश, सगळं '/व्हार'मध्ये साठतं. एखादी सेवा बिघडून तीच चूक सेकंदाला शेकडो वेळा लिहू लागली, की रूट पार्टिशन भरतं आणि अपडेट अर्ध्यात अडकतं. ईएक्सटी4 ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) सहसा 5 टक्के जागा 'रूट' या प्रशासक खात्यासाठी राखून ठेवते खरी, पण लॉग लिहिणारी सेवाच त्या खात्यानं चालत असेल, तर ती जागाही संपते. सर्व्हरवर '/व्हार' वेगळं काढाच. घरच्या संगणकावर '/होम' वेगळं पुरे; रूट फॉरमॅट करून सिस्टिम नव्यानं टाकली तरी फाइली जागच्या जागी राहतात.

तात्पुरत्या फाइलींचं '/टेम्प' वेगळं काढून त्यावर 'नोएक्झेक' (तिथून प्रोग्रॅम चालवायला मनाई) लावलंत, तर तिथे स्क्रिप्ट उलगडून चालवणारे इन्स्टॉलर 'परमिशन डिनाइड' म्हणून थांबतात.

भिंतीचा जाच वेगळाच. '/व्हार'ला 20 जीबी दिले, ते भरले, आणि शेजारी '/होम'मध्ये 300 जीबी रिकामे. ईएक्सटी4 लहान करायची तर आधी अनमाउंट करावी लागते. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम लहान करण्याची तर आशाच धरू नका.

[दृश्य: टर्मिनल]

म्हणून एलव्हीएम, म्हणजे पार्टिशनऐवजी 'व्हॉल्यूम' नावाचे वाढवता येणारे भाग काढण्याची सोय. सुरुवातीला सगळी जागा वाटून टाकू नका. व्हॉल्यूम ग्रुपमधली (ज्यातून हे भाग काढतात त्या एकत्र साठ्यातली) पाव जागा तरी मोकळी ठेवा. '/व्हार' भरू लागलं, की एलव्हीएक्सटेंड ही आज्ञा 'उणे आर' पर्यायासह चालवा. व्हॉल्यूमबरोबर फाइलसिस्टिमही वाढते, तीही माउंट असतानाच.

आणि जागा मोजणारी डीएफ ही आज्ञा जागा मोकळी दाखवत असूनही 'नो स्पेस लेफ्ट' आलं, तर डीएफ 'उणे आय' लावून पाहा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी, संपवलेले असतात. ईएक्सटी4 मध्ये त्यांचं प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं.