दुखलं नाही, म्हणून…

(पहाट. द्राक्षबाग. प्लास्टिकचे क्रेट.)

मार्चमध्ये नाशिकजवळच्या दिंडोरीच्या बागांत उजाडायच्या आत तोडणी सुरू होते. ऊन चढण्याआधी क्रेट भरायचे असतात. पेठ-सुरगाण्याकडची जोडपी कामाला आलेली असतात, आणि त्यांतली एखादी आठवा लागला तरी कात्री घेऊन वेलीखाली उभी असते.

अशा बाईला पहाटे अंगावरून लाल गेलं, तर ती जुन्या लुगड्याची घडी घेते. पोटात दुखतंय का बघते. दुखत नसतं. तासाभरात रक्त थांबतं. ती पुन्हा कामाला लागते.

थांबलेल्या ह्या रक्ताचीच आम्हाला भीती वाटते.

पोटातल्या बाळाला पोसणारी वार सहसा गर्भपिशवीच्या वरच्या भागाला चिकटलेली असते. काही जणींत ती खाली, पिशवीच्या तोंडाशीच असते. शेवटच्या तीन महिन्यांत पिशवीचा खालचा भाग ताणतो आणि वारेची कड सुटते. रक्त लालभडक येतं, कळ मात्र येत नाही. ते आपोआप थांबतंही. मग पुन्हा जातं, आणि त्या वेळी किती जाईल हे कुणी सांगू शकत नाही. आधी सिझर झालेलीला हा धोका जास्त, कारण जुन्या टाक्यांच्या जागी वार खोल रुतलेली असू शकते.

(खुंटीवरची पिशवी. आतला सोनोग्राफीचा कागद.)

पाचव्या महिन्याच्या रिपोर्टवर कधीकधी एक ओळ असते: ‘लो लाइंग प्लासेंटा’, म्हणजे वार खाली आहे. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. गर्भपिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर जाते. पण ती गेली की नाही, हे आठव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी केल्याशिवाय कळत नाही. रिपोर्ट इंग्रजीत, पिशवी खुंटीवर, आणि दुसरी सोनोग्राफी राहूनच जाते. आशाताईंनी ती एक ओळ घरच्यांना वाचून दाखवली तरी मोठं काम होईल.

रक्त जाण्याचं दुसरं कारण ह्याच्या अगदी उलट वागतं. वार जागेवर असते, पण बाळ जन्मायच्या आतच सुटते. पोट दगडासारखं घट्ट होतं, दुखणं थांबत नाही, बाळाची हालचाल मंदावते. रक्त आतच साठू शकतं, म्हणून कपड्यावरच्या डागावरून अंदाज बांधू नये. बीपी वाढलेलं असणं, पडणं, पोटावर मार बसणं, तंबाखू ह्यांमुळे हे घडू शकतं. मारहाणीचं बायका सांगत नाहीत. विचारणाऱ्यानेच तिला एकटीला गाठून, जपून विचारावं.

क्वचित बाळाच्या रक्तवाहिन्या पिशवीच्या तोंडावर पसरलेल्या असतात. पाणमोट फुटताना त्या फाटल्या, तर जातं ते बाळाचं रक्त. आणि दिवस भरलेल्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपासच असतं. जुन्या सिझरचा टाका कळांमध्ये उकलणं हेही दुर्मीळ, पण तितकंच गंभीर. पिशवीच्या तोंडाची सूज, जंतुसंसर्ग, संबंधानंतरचा डाग ही साधी कारणं. दिवस भरल्यावर चिकट स्रावात रक्ताची तार दिसली, तर बहुधा बाळंतपण जवळ आलेलं असतं. मात्र साधं की गंभीर, हे घरी ठरवता येत नाही.

म्हणून १०८ लावा. तिला कुशीवर झोपवा, खायला काही देऊ नका, भरलेलं कापड सोबत ठेवा. आणि वार कुठे आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत कुणीही आत बोट घालून तपासू नये. जाणत्या सुईणीनेही नाही. खाली असलेली वार त्या एका स्पर्शाने धो-धो वाहू शकते.

मार्चमध्ये ती दिंडोरीला असते, म्हसरूळ ओलांडलं की नाशिक. पावसाळ्यात तीच बाई पेठच्या पाड्यावर असते, मध्ये सावळघाट, अंधार, धुकं. तिथून निघताना रक्त आणि ऑपरेशन दोन्हीची सोय आहे तिथेच न्यायचं, हे आधी ठरलेलं हवं. सोबत रक्त देऊ शकणारे दोघं-तिघं हवेत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तिला वेगळं इंजेक्शनही लागू शकतं.

(रात्र. रुग्णवाहिकेचा दिवा. स्ट्रेचर.)

दारातच सिस्टर विचारतात, “रक्तगट कोणता?” नवरा खांद्यावरची पिशवी उघडतो. खुंटीवरची तीच पिशवी, निघताना त्याने आठवणीने काढून घेतलेली.